बशीरभाई कॅसेटमध्ये बोलले होते का?

आधीच सांगते, मी भुताखेतांच्या पार्टीतली नाही. वाशीमला फिजिक्सची ट्यूशन घेते. आमच्या गल्लीतल्या बाया दाराला लिंबू-मिरची बांधतात, तेव्हा मी म्हणते, लिंबू मला द्या, वरणात पिळते... असा आपला खडूस स्वभाव. त्यामुळे खालचं वाचून कोणाला "ताई, तुम्हीसुद्धा?" असं विचारायचं असेल तर खुशाल विचारा. मीही स्वतःला तेच विचारून राह्यले. (नावं बदलली आहेत.)

तर बशीरभाई. बाहेरच्यांना हे नाव माहीत नसणार. मेडशीच्या बसथांब्याजवळ त्यांचं गाद्या भरायचं दुकान होतं. दिवसभर कापूस पिंजायचा, आणि गाणं लिहायचं, चाल लावायची, गायचं – सगळं एकट्यानं, आणि सगळं वऱ्हाडीत. टेपिंगही दुकानातच. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गाद्या उभ्या करायचे! त्या कॅसेटी आठवडी बाजारात खपायच्या. ते गेले त्याला बरीच वर्षं झाली, पण आम्हा वेड्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप अजून चालू आहे. तिथं आम्ही एकमेकांना असले प्रश्न विचारतो की ऐकणाऱ्याला वाटावं, यांना काही कामधंदे नाहीत. कोणत्या गाण्यात मागे कापूस पिंजल्याचा आवाज येतो? कोणतं गाणं शेवटी घाईघाईत उरकलंय? (बस यायची वेळ झाली म्हणून. दुकान रस्त्यावर, त्यामुळे दोन बसच्या मधल्या वेळात गाणं बसवावं लागे.) कोणत्या कॅसेटमध्ये हिंदी शब्द आहे? एकातही नाही!

या ग्रुपची मी हेडमास्तरीण. आणि माझं एक ठाम म्हणणं होतं – बशीरभाई कॅसेटमध्ये फक्त गातात. बोलत नाहीत. कुठेच नाही.

रिठदचा उद्धव म्हणून एक जण आहे. सोयाबीनवाला शेतकरी, कॅसेटींचा भलता शौकीन, आणि माझ्याशी भांडणं हा त्याचा जोडधंदा. त्यानं ग्रुपवर टाकलं, "ताई, माह्यापाशी एक कॅसेट हाय. त्यात बशीरभाई बोलते."

मी म्हटलं, "उगाच फेकू नको."

"फेकून नाई राह्यलो. या अन् आयका."

गेले. त्याच्या ओसरीत टेपरेकॉर्डर मांडलेला. गाण्याच्या आधी ढोलकीवर एक थाप, आणि मग अगदी स्वच्छ – "थांब रे, बस जाऊ दे." मागे बसची घरघर. मग गाणं. मी पुन्हा पुन्हा वाजवायला लावलं. तोच आवाज, तेच वाक्य. हरले, पण इतका आनंद झाला की काय सांगू!

उद्धवनं टेप बंद केला. म्हणाला, "ताई, हे बानोचाचीले आयकवा लागते."

बानोचाची म्हणजे बशीरभाईंची बायको. त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत एकटी राहते. मागे आम्ही तिला भेटायला गेलो होतो, तेव्हा चहा देता देता म्हणाली होती, "गाता आवाज साऱ्या जिल्ह्यापाशी हाय. बोलता आवाज माह्या एकटीचा व्हता, अन् तोच मी इसरून गेली. त्याइचं तोंड दिसते, व्होट हालते... आवाजच येत नाई." बशीरभाई गाद्यांची रुई आणायला म्हणून अकोल्याला गेले आणि तिथंच हार्टनं गेले. निघताना काय म्हणाले, तेही तिला माहीत नव्हतं. ती चुलीपाशी होती.

मग काय, तीच कॅसेट आणि तोच टेपरेकॉर्डर घेऊन आम्ही मोटरसायकलवरून थेट मेडशी. कॅसेट पूर्ण रस्ता माझ्या पर्समध्ये होती. भर दुपारी पोचलो. मी मास्तरीणच, त्यामुळे चाचीला आधी समजावून सांगितलं – "ते ढोलकीवाल्याला म्हणतात, थांब रे, बस जाऊ दे. एवढंच आहे, चाची." तिनं डोक्यावरची ओढणी नीट केली. उद्धवनं बटण दाबलं. ढोलकीवर थाप पडली. आणि मग –

"बानो, कडी मत लगा. अब्बी आया."

मग बसची घरघर. मग गाणं.

उद्धव माझ्याकडे बघतोय, मी उद्धवकडे. चाची मात्र "हां जी" म्हणाली. अगदी सहज, जसं रोज म्हणत असेल तसं. आणि मग रडायला लागली, हसायलाही लागली. "बाहीर निंगतानी असंच म्हनत. रोज असंच! अन् त्या दिवशी बी म्हनले असतीन, मीच नाई आयकलं..."

ती डोळे पुसत चहा ठेवायला उठली. मी माझ्या खोडीप्रमाणे कॅसेट मागे घेऊन, आवाज बारीक करून, पुन्हा लावली.

"थांब रे, बस जाऊ दे."

पुन्हा लावली. बस. पुन्हा बस!

आता मी हुशारी करते. दुसऱ्या बाजूचं रेकॉर्डिंग मिसळलं? दुसरी बाजू ऐकली, सगळी गाणीच आहेत. कोणी वरून टेप केलं? तेही नाही, आम्ही तिथून हललोच नव्हतो. मनाचे खेळ? अहो, पण मी तर तिला बसचं वाक्य सांगून ठेवलं होतं, मग तेच ऐकू यायला हवं ना? आणि तिघांना एकच कसं ऐकू आलं? आमचे हे म्हणतात, "उन्हात मोटरसायकलवर हिंडल्यावर दुसरं काय होईल?" डोक्याचा नुसता भुगा झालाय.

थोड्या दिवसांनी चाचीच्या पुतण्याचा फोन आला. तो शेजारीच राहतो. "मॅडम, काय आयकवलं तुमी चाचीले? दाराची कडीच लावत नाई आता. एकटी बाई, घर रस्त्यावर. उद्या काई झालं तं जबाबदार कोन?"

त्याचं काय चुकलं? दुसऱ्या दिवशी तडक मेडशी गाठली. चाचीला समोर बसवलं. "चाची, मी कॅसेट पुन्हा पुन्हा तपासली. त्यात तसं काही नाही. फक्त बसचं आहे. तुम्ही कडी लावत जा."

तिनं कॅसेट ठेवलेल्या माझ्या पर्सकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "तुमी तं व्हत्या ना इथंच बसून. तुमाले आयकू आलं का नाई?"

नाही म्हणायला एक क्षण पुरला असता. तिनं माझं ऐकलंही असतं... शिकलेल्या बाईचं ऐकतात लोक. कडी लागली असती, पुतण्या शांत झाला असता.

"आलं," मी म्हटलं.

"मंग?"

या 'मंग'चं उत्तर तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर जरूर सांगा, पण उन्हाचं कारण सांगू नका. पुतण्या आता रात्री दुकानात येऊन झोपतो, आणि माझा फोन उचलत नाही. त्या दिवशी मी निघाले तेव्हा चाची आतच बसून होती. उंबऱ्यावरून वळून "कडी लावा" म्हणायला मी तोंड उघडलं होतं... दार नुसतं लोटलं आणि आले.