उपटलेली अमरवेल

गोठ्याशेजारच्या लसूणघासात आज पुन्हा अमरवेल दिसली. हिरव्या घासाचा रस शोषणारा पिवळ्या दोऱ्यांचा गुंता. तीन वर्षं मी ती उपटतोय. कंबर सरळ करत बायकोला विचारलं, "ही येते तरी कुठून गं?"

शेणाची पाटी उचलत ती म्हणाली, "वाया नको म्हणून तुम्हीच ती म्हशीला घालता. तिचं बी शेणातून उकिरड्यात जातं, अन् उकिरड्यातलं खत आपण पुन्हा याच वाफ्यात ओततो."

मला एकदम थकल्यासारखं झालं. टाकवत नाही म्हणून माणूस काय काय जपतो, जुने रागसुद्धा. आणि मग तेच उपटत बसतो.

हातातला गुंता जाळायलाच हवा होता. पण म्हैस मान लांबवून रेकली, आणि माझे पाय सवयीनं गव्हाणीकडे वळले.