कडीकोयंड्याची उरलेली कामं

उदगीरची मंजुश्री बिराजदार पॉलिटेक्निकात शिकवते आणि राहिलेल्या वेळात ‘कडीकोयंडा’ सांभाळते. कडीकोयंडा म्हणजे फायलींना कुलूप घालणारं सॉफ्टवेअर. पासवर्डशिवाय आतलं कुणालाच वाचता येत नाही, ते बनवणाऱ्यालाही नाही. ते फुकट मिळतं आणि त्याचा कोड कुणालाही उघडून तपासता येतो. सहा वर्षांपूर्वी तिनं ते एकटीनं सुरू केलं. पुढं देगलूरच्या कॉलेजात गणित शिकवणारे उमाशंकर सर येऊन मिळाले. दोघांनी एकच नियम केला होता: एकानं लिहिलेला बदल दुसऱ्यानं वाचल्याशिवाय बाहेर सोडायचा नाही.

नवी आवृत्ती तीस तारखेला देऊ, असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं. त्या रविवारी सकाळी दहाला दोघं व्हिडिओवर उरलेल्या कामांची यादी घेऊन बसले. अकरा कामं राहिली होती आणि हातात नऊ दिवस होते. चौथ्या कामावर वाद चालू झाला तेवढ्यात मंजुश्रीचा फोन वाजला.

फोन नांदेडहून उज्वलाताईंचा होता. त्या तिथं महिलांच्या सल्ला केंद्रात काम करतात. एकदा एका बाईच्या सासरच्यांनी केंद्रातून कागद उचलून नेले, तेव्हापासून त्या सगळ्या बायांचे जबाब कडीकोयंड्यातच ठेवायच्या.

“मंजुताई, फाईल उघडून नाही राहिली,” त्या म्हणाल्या. “जुना फोन हौदात पडला. फाईलची एकच नक्कल होती पेन ड्राईव्हवर, तो नव्या लॅपटॉपला लावला. पासवर्ड चुकीचा म्हणतंय.”

“नीट आठवून बघा.”

“दोन वर्षं रोज तोच टाकून राहिले. मी कशी विसरीन? उद्या अकराला एका बाईची कोर्टात तारीख हाय. कोणत्या दिवशी काय झालं, सगळं त्यातच लिहिलंय. तुमच्यापाशी एखादी जादा किल्ली असंल की.”

“नाही ताई. आम्ही ठेवतच नाही.”

“मग त्या बाईला मी काय सांगू?”

 मंजुश्रीनं उज्वलाताईंना लॅपटॉपवर त्याच पासवर्डनं एक नवी, रिकामी फाईल कुलूपबंद करून उघडायला सांगितली. ती लगेच उघडली. म्हणजे लॅपटॉप ठीक होता, आणि पासवर्ड तर ताई दोन वर्षं रोज टाकत होत्या. फोनवर टाइप केलेलं आणि लॅपटॉपवर टाइप केलेलं, यातच कुठंतरी फरक पडत होता.

“पासवर्ड मराठीत आहे का?”

“हाव.”

“मला सांगू नका तो. एवढंच सांगा, त्यात ‘पायऱ्या’मध्ये येतो तसला आडवा र आहे का?”

पलीकडं दार लावल्याचा आवाज आला.

“तुम्हाला कसं कळलं?” उज्वलाताईंचा आवाज एकदम बदलला होता. “तुम्हाला दिसतंय का आमचं?”

“दिसत नाही ताई. दिसलं असतं तर विचारलं नसतं.”

मग तिनं समजावून सांगितलं. तो आडवा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण आतून त्यांचे आकडे वेगळे असतात. जुना फोन एका तऱ्हेनं लिहायचा, नवा लॅपटॉप दुसऱ्या. माणसाला एकच पासवर्ड दिसतो, कडीकोयंड्याला दोन. पहिल्या तऱ्हेचं अक्षर पाठवून द्यावं, तर पासवर्डच्या चौकटीत बाहेरचं काही चिकटवायची सोय मंजुश्री आणि सरांनीच बंद केलेली. कोडच बदलावा लागणार होता. दोन्ही तऱ्हा आपोआप लावून बघायच्या.

तासाभरात तिनं तो बदल लिहिला आणि उमाशंकर सरांना पाठवला. त्यांनी वाचायला घेतला. साडेबारा झाले, एक वाजला.

“सर, झालं का? चाळीस ओळी तर आहेत.”

“थांब. फाईल उघडली की तू ती नव्या तऱ्हेनं लगेच त्याच जागी परत लिहितेस.”

“हो. पुढं त्रास नको म्हणून.”

“आणि लिहिता लिहिता लॅपटॉप बंद पडला तर?”

मंजुश्रीनं ती ओळ पुन्हा वाचली. अर्धवट लिहिलेली फाईल मग कुणालाच उघडता आली नसती.

“उद्या अकराला कोर्ट आहे, सर. इतक्या बारकाव्याला फुरसत नाही.”

“उज्वलाताईंपाशी एकच फाईल आहे,” सर तेवढंच म्हणाले.

तिला राग आला होता, पण सरांचं बरोबर होतं. तिनं तो भाग काढला. मूळ फाईलला हात न लावता आधी वेगळी नक्कल बनवायची, असं लिहिलं. सरांनी ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. चार वाजता बदल नांदेडला गेला. पुढची वीस मिनिटं मंजुश्री फोन हातात धरून जिन्यात बसून होती. आईनं चहा आणून ठेवला, तो तसाच निवला.

“उघडली,” उज्वलाताई म्हणाल्या.

उमाशंकर सरांनी यादी पुन्हा समोर घेतली. मंजुश्री मात्र जुन्या, बंद केलेल्या तक्रारी चाळत होती. पासवर्ड बरोबर असून नव्या लॅपटॉपवर फाईल उघडत नाही, अशी एक तक्रार चौदा महिन्यांपूर्वी आली होती. कंधारच्या शेषेराव नावाच्या निवृत्त शिक्षकांची. खाली तिनंच उत्तर दिलं होतं, ‘आपण पासवर्ड विसरला असाल,’ आणि तक्रार बंद केली होती.

दुसऱ्या दिवशी, कोर्टात जबाब नीट झाल्याचा निरोप आल्यावर, तिनं शेषेरावांना फोन लावला, त्यांच्या पासवर्डातही तो आडवा र होता हे विचारून घेतलं आणि सगळं सांगितलं.

“ती फाईल मी पुसून टाकली, बाई,” ते म्हणाले. “आमची मंडळी आजारी होती तवा रोजचं लिहून ठेवायचो, ते होतं त्यात. तुमचं उत्तर वाचलं आन् वाटलं, आपलंच डोकं काम करून नाही राहिलं. पोरीनं डॉक्टरला दाखवलं. तपासण्या झाल्या. तवापासून बँकेचे कागदबी तीच बघते.”

मंजुश्रीनं ती जुनी तक्रार पुन्हा उघडली.

“म्हणजे मी विसरलो नव्हतो?”

“नाही सर. चूक आमची होती. माझी होती.”

“हे जरा लिहून पाठवता का? पोरीला दाखवतो.”

तिनं हो म्हटलं. संध्याकाळी दोघांनी तीस तारीख रद्द केल्याचं जाहीर केलं. अकरातली सहा कामं पुढच्या वर्षावर ढकलली. कोणकोणत्या मराठी अक्षरांत असाच घोळ होतो, ते एकेक करून तपासणं हे पहिलं काम ठरलं. आणि कुठलीही तक्रार यापुढं एकट्यानं बंद करायची नाही, हेही.

मग मंजुश्री शेषेरावांचं पत्र लिहायला बसली. पहिलं वाक्य तिनं पाच वेळा खोडलं.