ढाक्याची पेटी

नागपूरच्या स्टेशनामागच्या संत्रा मार्केटात गोपिकाबाईंना नकाशा कधी कोणी दाखवला नव्हता, आणि दाखवला असता तरी त्यांनी तो बाजूला सारला असता. त्यांच्या डोक्यातला भूगोल दिवसांचा होता. मद्रास म्हणजे दोन दिवस. कलकत्ता म्हणजे तीन. ढाका म्हणजे पाच, कारण कलकत्त्याच्या पुढे आधी आगगाडी आणि मग आगबोट. संत्रं हातात घेतलं की अंगठा देठाशी जायचा, हलकेच दाबायचा, आणि बाई ठरवायच्या की हे मद्रासचं, हे ढाक्याचं. हिरवट असेल ते लांब जायचं, रंगलेलं असेल ते जवळ. पूर्ण रंगलं, साल सुटली, आत पोकळ वाजायला लागलं, की ते नागपुरातच राहायचं.

बाई माहेरच्या खाप्याच्या. कन्हान नदीच्या काठी बापाचं जेमतेम वावर, त्यात संत्र्याची चाळीसेक झाडं. झाडावरचं फळ बघून ते कधी उतरवायचं हे त्या बापाच्या खांद्यावर बसून शिकल्या. नागपुरात सासरी आल्या, नवरा धोंडबा मालधक्क्यावर हमाल, आणि बाई वर्षभरात महादेवरावांच्या अडतीवर पेट्या भरायला लागल्या. खाली तणसाचा, भाताच्या वाळल्या काडाचा थर, मग फळांची ओळ, देठ वर, पुन्हा तणस. दहा वर्षांत त्यांच्या हाताखाली बावीस बाया झाल्या.

मग पासष्ट साली लढाई झाली आणि सरहद्द बंद पडली. ढाक्याच्या पेटीला गिऱ्हाईकच उरलं नाही. तिकडे जाणारा सगळा माल कलकत्त्यातच साचू लागला आणि तिथला भाव बसला. बसलेल्या भावात पेटीचं लाकूड कोणाला परवडणार? महादेवरावांनी खुला माल सुरू केला. ट्रकात तणस पसरायचं, वरून टोपल्यांनी संत्री ओतायची, ताडपत्री बांधायची, हाकला. त्याला पेटी भरणारी बाई लागत नाही, टोपली उचलणारा गडी लागतो. बावीसातल्या चौदा बाया घरी गेल्या. उरलेल्या आठ, मद्रासच्या थोड्याशा पेट्यांवर तगून राहिल्या.

सात वर्षं अशी गेली. तिकडे दुसरी लढाई होऊन नवा देश झाला, आणि बहात्तरच्या दिवाळीआधी ढाक्याहून पत्र आलं. महादेवरावांचे मुनीम दत्तोपंत, महाल पेठेतले, इंग्रजी लिहिण्याचा त्यांना अभिमान. त्यांनी चष्मा पुसून पत्र वाचलं. पाठवणारे जुनेच व्यापारी होते, करीमुद्दीनसाहेब. वखार जळाली, पण माणूस वाचला होता आणि त्याला संत्री हवी होती.

महादेवरावांनी गोपिकाबाईंना बोलावलं. "एक ट्रक पाठवून पाहतो, बाई. नीट पोचला, तर पेट्या पुन्हा सुरू. नाही पोचला, तर मद्रासचाही खुलाच करतो. मंग तुमच्या आठ जणींचं मी काय करू, तुम्हीच सांगा."

"पोचन ना, भाऊ," बाई म्हणाल्या. "ढाक्याचं मले का नवं हाये?"

ते नवंच होतं, आणि त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. बाईंनी पाच दिवसांच्या हिशेबानं फळ निवडलं, अर्धं पिवळं, अर्धं हिरवं. दोनशे पेट्या भरल्या. रस्त्यातले पूल लढाईत उडवलेले होते. माल तीनदा उतरवून तीनदा चढवला, दोन नद्या नावेतून ओलांडल्या, आणि पेट्या ढाक्याला पोचल्या त्या बाराव्या दिवशी. तार आली, निम्म्याहून जास्त माल सडला.

महादेवराव ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते सुपारी कातरू लागले.

"फळाची चूक नाही, भाऊ," गोपिकाबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या. "मी रस्ता जुना धरला. मले काय मालूम पूल पडले म्हणून?"

"वर्तमानपत्रात आलं होतं की," दत्तोपंत खातेवहीतून मान वर न करता म्हणाले.

"मंग वाचून दाखवाचं होतं ना, पंत. तुमच्या पेपरात पूल पडून राहिले अन् मी इथं आगबोटीच्या भरोश्यावर फळ तोडून राहिली."

महादेवरावांना हसू आलं. बाईंनी ते पाहिलं आणि तेवढ्यात पाय आत टाकला. "अजून एक डाव द्या. ट्रक नका देऊ, तीस पेट्या द्या."

"बारा दिवसांचं फळ येतं का तुम्हाले?"

"बारा दिवसांचं मी आजवर केलं नाही. अन् पुढच्या खेपेले बाराच लागतीन, हे तरी कोण सांगते? नऊ लागले तं? म्हणून मी तीन परकारचं भरतो. दहा पेट्या अशा, दहा तशा, दहा आणखी हिरव्या. कोणतं फळ बरोबर उतरते ते त्यायलेच इचारा. मंग रस्ता किती दिवसांचा ते मले त्यायच्याच उत्तरातून समजन."

"तीस," महादेवराव म्हणाले. "एकतिसावी नाही."

पेट्या ओळखायच्या कशा, तर चिंध्यांनी. आठ जणींतल्या ताराच्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी अर्ध्या पिकल्या मालाला. तिच्याच जोडीच्या प्रेमिलाच्या परकराची निळी चिंधी, जरासा रंग फिरलेल्या फळाला. आणि पार हिरव्याला कोणाच्या तरी हळदीच्या फडक्याची पिवळी. बाईंनी प्रत्येक फळ स्वतः दाबून पाहिलं, तीसच्या तीस पेट्या स्वतः भरल्या, बाकीच्या आठजणींना तणस देण्यापलीकडे हात लावू दिला नाही.

"पंत, आता नीट लिहा," त्यांनी बजावलं.

दत्तोपंतांचं मत होतं की शब्द जितके कमी तितकं इंग्रजी खानदानी. त्यांनी दोन ओळींत आटोपलं, की तीन प्रकारचं पॅकिंग पाठवत आहोत, लाल, निळं, पिवळं, प्रत्येकाबद्दल कळवावं. खाली वळणदार सही केली.

मग वाट पाहणं सुरू झालं. दहा दिवस गेले, पंधरा गेले. समोरच्या ओट्यावर खुल्या मालाचे ट्रक भरत होते, गडी टोपल्या ओतत होते आणि बायांकडे पाहत जात होते. एकजण म्हणालाही, "बसा माय, बसा, आता बसाचंच काम उरलं तुम्हाले." गोपिकाबाईंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. सतराव्या दिवशी तारा म्हणाली, विडीच्या कारखान्यात तिला बोलावलंय, सोमवारी जाते.

"थांब वं, चार दिवस."

"कितीक थांबू? घरी खाणारे थांबून नाही राहिले."

बाईंनी तिच्या पाठीवरचं तणस झटकलं.

पत्र शनिवारी आलं. दत्तोपंत ते हातात धरून बायांच्या ओट्यावर आले, तसे ते कधी येत नसत. मागून महादेवराव. आठही बाया उभ्या राहिल्या.

"माल अकराव्या दिवशी पोचला," दत्तोपंतांनी वाचायला सुरुवात केली. "लाल निकृष्ट, बहुतेक फेकावं लागलं. पिवळं आंबट, हिरवंच राहिलं, गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. निळं..." ते थांबले.

"निळं काय?"

"निळं उत्तम. असं फळ लढाईआधीही पाहिलं नव्हतं, म्हणतात."

प्रेमिलानं पदर तोंडाला लावला. तारा खालीच बसली.

"पण पुढे आहे," दत्तोपंत घसा साफ करत म्हणाले. त्यांचे कान तांबडे झाले होते. "निळी खूण वापरणारे गृहस्थ आपल्या धंद्यातले फार जाणकार दिसतात. त्यांना माझा सलाम कळवावा. लाल व पिवळी खूण वापरणाऱ्या दोघा गृहस्थांना कृपा करून कामावरून दूर करावं, ते आपल्या पेढीचं नाव घालवतील. यापुढे दर आठवड्याला दोनशे पेट्या, फक्त निळ्या गृहस्थांच्या हातच्या."

मग महादेवराव भिंतीला टेकून हसू लागले, त्यांची टोपी खाली पडली. बाया हसता हसता एकमेकींवर कलल्या. समोरचे गडी टोपल्या खाली ठेवून बघायला लागले.

"चूक माझ्या लिहिण्याची," दत्तोपंत म्हणाले. "मी आजच सविस्तर खुलासा करतो, की तीनही एकाच..."

"नोको, पंत." गोपिकाबाईंनी डोळे पुसले. "त्यायले लिहा, दोघायले काढलं म्हणून. बिचाऱ्याचा माल दोनदा सडला, तेवढंच त्याले बरं वाटन."

"अन् मी त्या लालवाल्याची कोण लागतो?" तारा म्हणाली. "लुगडं तं माह्यंच होतं."

"तू लालवाल्याची बायको. तुह्या नवऱ्याले नोकरीवरून काढलं, आता तुलेच कमवा लागन. जाय, पेट्या आण."

तारा सोमवारी विडीच्या कारखान्यात गेली नाही. पंधरा दिवसांत जुन्या चौदा बायांपैकी नऊ परत आल्या.

पण त्या दिवशी बाईंनी दत्तोपंतांना तसंच सोडलं नाही. खुलाशाऐवजी एक ओळ घालायला लावली. निळे गृहस्थ विचारतात, पूल कधी बांधून होणार? आणि यापुढे दर पत्रात, माल किती दिवसांत पोचला हे भावाच्या आधी लिहावं. करीमुद्दीनसाहेबांनी ते मनावर घेतलं. दर सोमवारी बाई हात धुऊन पेढीत येऊन बसत आणि दत्तोपंत वाचून दाखवत. अकरा दिवस. दहा. मधे पुरानं चौदा. एक पूल झाला, नऊ. प्रत्येक आकड्याबरोबर बाईंचा अंगठा बदलायचा, झाडावरची तोड दोन दिवस पुढे नाहीतर मागे सरकायची. काटोलकडचे बागाईतदार आधी कुरकुरले, मग तेच माणूस पाठवून विचारू लागले, "बाई, या हप्त्यात ढाका किती दिवसांवर हाये?"

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात ढाक्याहून जाड लिफाफा आला. करीमुद्दीनसाहेबांच्या मुलीचं लग्न होतं. पत्रिकेवर सोनेरी अक्षरं, आणि वर शाईनं लिहिलेलं नाव दत्तोपंतांनी दोनदा वाचलं. 'श्रीयुत निळे, नागपूर.' खाली ओळ होती की आपण यावं, तुमच्या भरवशावर आमचा धंदा उभा राहिला.

"आता तरी खरं सांगू या का?" दत्तोपंत म्हणाले.

"सांगा बापा, आता हुकलं तं कायमचं हुकलं. लिहा, निळा म्हणजे गोपिका, खाप्याची. लेक आहे म्हणा संत्र्यावाल्याची. येनं जमत नाही, म्हणा, पण संत्री येतीन." बाईंनी पत्रिका हातात घेतली, उलटीसुलटी पाहिली. "लग्न कोणत्या दिवशी हाये?"

"वीस तारखेला. शुक्रवारी."

"अन् मागच्या खेपेले किती लागले?"

"सात."

बाईंनी बोटांवर मोजलं. वऱ्हाडी जेवणार शुक्रवारी, पेटी फुटणार गुरुवारी, म्हणजे गाडीत चढायला पाहिजे त्याआधीच्या गुरुवारी, आणि झाडावरून उतरायला बुधवारी. सगळ्यांच्या पानात पिवळंधमक दिसलं पाहिजे, एक दिवस आधी नाही, एक दिवस नंतर नाही.

"प्रेमिला," त्यांनी हाक मारली, "बुधवारी खाप्याले जाचं हाये वं. टोपली घेऊन ये. ही तोड मी दुसऱ्याच्या हातानं नाही करू देत."