दुर्बिणीतून की चिरा देऊन

पोटात गॅस धरतो म्हणून मी बुलढाण्याला दाखवायला गेलो, आणि सोनोग्राफीत डाव्या किडनीवर गाठ निघाली. सगळी किडनी काढायची गरज नाही, गाठ आणि तिच्या कडेचा थोडा भाग काढला की पुरे, असं डॉक्टर म्हणाले. "पण उघडंच ऑपरेशन करा. बरगडीखाली मोठा चिरा येईल, दुखेलही जास्त. पण रक्त सुटलं तर हात लगेच पोचतो."

संभाजीनगरच्या डॉक्टरांनी तेच रिपोर्ट पाहिले आणि सांगितलं, दुर्बिणीतून होईल. चार लहान भोकं, दुखणं कमी, घरी लवकर.

"मग चांगलं कोणतं?" मी विचारलं.

"दोन्ही चांगली. तुम्ही ठरवून सांगा."

मी धाड गावच्या शाळेत मास्तर. मुलांना निबंध लिहून देणाऱ्या माणसाला हे एक वाक्य ठरवता येईना. माझा थोरला भाऊ पिठाची चक्की चालवतो. तो म्हणाला, "खोलल्याबिगर आतलं काय समजते? चिराच देऊ दे." बायकोनं चहा ठेवता ठेवता उत्तर दिलं, "माह्या बहिणीची पित्ताची पिशवी दुर्बिणीतूनच काढली. आठव्या दिवशी सैपाक करू लागली ते."

"पित्ताची पिशवी अलग, किडनी अलग," दादा म्हणाला.

मग दोघंही माझ्याकडे पाहत बसले. सकाळी मी दादाला हो म्हणायचो, संध्याकाळी बायकोला. शेवटी बायकोनं संभाजीनगरला जायची बॅगच भरली, आणि ठरलं असं मी समजलो.

दवाखान्यात संमतीच्या कागदावर खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: दुर्बिणीने शक्य न झाल्यास उघडी शस्त्रक्रिया करण्यास हरकत नाही. म्हणजे सही दोन्हीवर. मग आम्ही इतके दिवस भांडलो काय म्हणून? सिस्टरला विचारलं तर ती म्हणाली, "सगळ्यांचीच घेतात काका, करा सही."

शुद्धीवर आलो तेव्हा पहिल्यांदा हात चादरीखाली नेला. भोकं मोजायची होती. हाताला पट्टी लागली ती संपेचना.

"कोनतं केलं?" मी बायकोला विचारलं.

"दोनी," ती म्हणाली. "दुर्बिणीतून सुरू केलं, रक्त थांबेना, मंग उघडलं. गाठ निघाली पुरी. किडनी वाचली."

"दादा कुठं हाय?"

"बाहीर बसले. बोलावलं तं येऊन नाही राह्यले."

तो दुसऱ्या दिवशी आला आणि पायाशी उभा राहिला. "मीच चिरा चिरा करत होतो बे," तो म्हणाला. "माहंच बोलनं लागलं तुले." मी सरकलो, तेव्हा तो खाटेच्या कडेला बसला आणि बराच वेळ माझा पाय दाबत राहिला, जिथं काहीच दुखत नव्हतं.

तपासणीत गाठ कॅन्सरची निघाली, पण कापलेल्या कडा साफ होत्या, म्हणजे आत काही उरलं नव्हतं. टाके काढताना मी डॉक्टरांना विचारलं, "सुरुवातीलाच उघडं केलं असतं तर बरं झालं असतं का?"

त्यांनी पुढचा टाका कापला. "सांगता येत नाही," म्हणाले.

त्यांनाही माहीत नाही हे ऐकून मला थोडं बरं वाटलं. घरी येईपर्यंत प्रत्येक गतिरोधकाला दादा गाडीवाल्याला "हळू, हळू" म्हणत होता.