आबांचं दळण

शिंदखेड्याकडच्या आमच्या गावात येऊ घातलेल्या केमिकल कारखान्याला गिरणीवाल्याने जमीन दिली, तेव्हा त्याच्याकडे दळायचं नाही असं गावाने ठरवलं. हे आधी बोलले ते माझे आबाच. तरी तो रोज गिरणी उघडून दगडांना छिन्नीने टाकी लावत बसायचा. ती टकटक डोक्यात जायची. दळण घेऊन दुसऱ्या गावी जाताना मी त्याच्याकडे बघायचं टाळायचो. एकदा त्याने मागून हाक मारली.

“भाऊ, तठे बारीक दळाले सांगजो. आबाले दात नहीत.”

जमीन देताना शेजारची आबांची विहीर नाही आठवली? मी चिडलो, पण तिथे तसंच सांगितलं.

जेवताना भाकरीचा पहिला घास तोंडात विरघळला तसं आबांनी ताट सरकवलं. “हाई त्यानंच दळण शे ना?”

मी नाही म्हणालो. बारीक दळायला कोणी सांगितलं, ते मात्र सांगता येईना.