हत्ताच्या तलावाकाठी भेटलेला वेल्श कवी

अबूधाबीत उतरल्या उतरल्या माझ्या वडिलांनी, अप्पांनी, विचारलं, "तो तुझा कवी इथंच राहतो ना? मला भेटायचंय त्याला." अप्पा लहान असतानाच त्यांचं गाव साताऱ्याकडच्या धरणात गेलं. मी ज्यांच्या कवितांचं मराठी करते ते वेल्श कवी, इथले निवृत्त शिक्षक, लिहितात तेही तिकडे वेल्समधल्या धरणात बुडालेल्या गावाबद्दलच. त्या कविता मी फोनवर वाचून दाखवायचे. अप्पा म्हणायचे, आपल्याबद्दल कुणीतरी लिहिलं एकदाचं.

शनिवारी सकाळी अल रीमच्या माझ्या घरून निघालो. कवींनी डोंगरातल्या हत्ताच्या धरणावर भेटायला बोलावलं होतं; दोन-अडीच तासांवर, रस्ता सुरेख. वाटेत करक चहा आणि गरम पराठा चुकवू नका. धरणाच्या तलावात कयाक साठ दिरहमला मिळते. "म्हणजे जवळजवळ पंधराशे रुपये? पाण्यात बसायचे?" असं म्हणून अप्पांनी तो बेत तिथेच निकालात काढला.

कवी काठावर थांबले होते. उंच, थोडे वाकलेले, अप्पांच्याच वयाचे. मधे मी दुभाषी. अप्पांनी पिशवीतून नारळ काढला. आमच्याकडे पाण्याखाली गेलेल्या ग्रामदेवासाठी काठावरून नारळ सोडतात. "यांच्या देवाला आमच्याकडून," अप्पा म्हणाले.

मी अर्थ सांगितला तसा कवींनी हात मागे घेतला. "मी हा घेऊ शकत नाही," ते म्हणाले. "ज्यात ते गाव बुडालं ते धरण माझ्या वडिलांनी बांधलं. आम्ही टेकडीवर, इंजिनिअरच्या बंगल्यात राहायचो."

मला त्यांच्या कविता आठवल्या. पाऊस, प्रार्थनाघराची घंटा, विझत चाललेली मायबोली आणि कवितेमागून कवितेत टेकडीवर उभा राहून चढतं पाणी बघणारा एक मुका माणूस. त्याला मी गावाचा देव समजले आणि बेधडक 'राखणदार' लिहीत आले. तो यांचा बाप होता! आणि आता हे मला अप्पांना मराठीत सांगायचं होतं. कसंबसं सांगितलं.

अप्पांनी नारळ पिशवीत ठेवला आणि गाडीत जाऊन बसले. परतीच्या वाटेभर ती पिशवी त्यांच्या मांडीवर होती. मला कवींचा संताप आला होता.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना मी म्हटलं, "फसवलं त्यांनी आपल्याला. मी भाषांतर बंद करतेय."

अप्पा खिडकीबाहेरच्या टॉवर्सकडे बघत म्हणाले, "आमच्या धरणावरच्या साहेबालाही पोरं होती. आमची बैलगाडी भरत होतो तेव्हा बंगल्याच्या गच्चीवरून बघत होती. मला वाटायचं, ती आम्हाला विसरली असतील." त्यांनी कप खाली ठेवला. "वाच पुढची कविता."