भोंग्यानंतरचा चहा
परवा भाचीनं विचारलं, “मावशी, काळीज पिळवटणारा, फारसा कुणी न पाहिलेला सिनेमा सांग ना,” आणि माझ्या कानात भोपाळच्या आमच्या कारखान्याचा भोंगा वाजला. तो शिफ्ट सुटल्याचा भोंगा झाला की टाउनशिपमध्ये घरोघरी चहाचं आधण चढायचं. एका दुपारी शेजारच्या काकूंकडे आम्ही बायकांनी व्हीसीआरवर मी सुचवलेला सिनेमा लावला होता. त्यात खाणीत अपघात झाल्याचा भोंगा ऐकून बायका धावत सुटतात. सिनेमा संपला आणि तेवढ्यात आमचा भोंगा झाला. ओट्याकडे कुणीच वळलं नाही. सगळ्या अनवाणी टाउनशिपच्या फाटकापाशी. “अगं, रोजचाच तर आहे,” काकू म्हणाल्या, पण माझं मनगट त्यांनी सोडलं नाही. शेवटी कामावरून परतणाऱ्या सायकली दिसल्या. काका उतरत म्हणाले, “काय हो, आज चाय-वाय नाही का?” काकूंना हसताहसता रडू फुटलं. भाचीला सिनेमाचं नाव सांगण्याआधी मी विचारलं, “घरातली सगळी परत आलीत ना?”